वरून रस्ता मोकळाच दिसतो

२ एप्रिल २०१६. कॅलिफोर्नियातल्या फॉलब्रुकजवळ इंटरस्टेट १५ या हायवेवर, कडेच्या पट्टीवर एक मोटार उभी होती. थांबायचं असेल तर असंच थांबावं असं आपल्याला शिकवलेलं असतं: वाहत्या रस्त्यातून बाजूला व्हायचं आणि गाडी कडेला घ्यायची. मागून लॅन्सेअर जातीचं एक छोटं विमान हायवेवर उतरलं, घसरत आलं आणि त्या उभ्या मोटारीवर आदळलं. मागच्या सीटवर बसलेली बाई गेली. मोटारीतले बाकीचे आणि विमानातले लोक जखमी झाले, पण वाचले.

हेच विमान २००० साली, दुसराच वैमानिक चालवत असताना, याच हायवेवर उतरलं होतं. त्या वेळी ते कुठल्याही गाडीला न धडकता थांबलं. विमान तेच, हायवे तोच, सोळा वर्षांच्या अंतराने निकाल मात्र दोन. पहिल्या वेळी वैमानिकाची अक्कल जास्त होती आणि दुसऱ्या वेळी कमी, असं मानायला मला काही आधार दिसत नाही. पहिल्या वेळी वाटेत कुणी आलं नाही, इतकंच.

मी विमान चालवत नाही, गाडी चालवतो. त्यामुळे छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर वैमानिकाने हायवेवर उतरावं का, या प्रश्नात माझी जागा खालची आहे आणि ती मी लपवत नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक जण वैमानिक असतात आणि त्यांची नजर साहजिकच वरून खाली पाहणाऱ्याची असते. खालून पाहणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावर गाड्या असतील तर तो पर्याय यादीत सगळ्यात शेवटी असावा. खडबडीत शेत, झुडपं, उथळ पाणी हे सगळं त्याच्या आधी. विमान मोडलं तर मोडू दे. हे बोलायला सोपं आहे, हवेत असताना करायला फार अवघड, याची मला कल्पना आहे.

सेस्ना १७२ घ्या. जगात आजवर सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान हेच. चार माणसांचं, एका इंजिनाचं, भरलेलं असताना साधारण ११०० किलोचं, म्हणजे एखाद्या लहान मोटारीच्या वजनाचं. इंजिन थांबलं म्हणून ते दगडासारखं खाली येत नाही. ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग सांभाळला तर एक मीटर खाली येताना ते साधारण नऊ मीटर पुढे सरकतं. हजार फुटांवर असाल तर हातात दीड मिनिटाहून कमी वेळ आणि पावणेतीन किलोमीटरचा पल्ला. तीन हजार फुटांवर असाल तर चारेक मिनिटं. तेवढ्यात वेग साधायचा, जागा निवडायची, इंधनाची टाकी बदलून पाहायची, कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायची, इंजिन पुन्हा धरतंय का ते बघायचं, रेडिओवर ‘मेडे’, म्हणजे संकटाचा इशारा, द्यायचा, प्रवाशांना पट्टे आवळायला लावायचे आणि टेकण्याआधी दाराची कडी काढून ठेवायची, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही. समोरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, कधी वाऱ्यावर नुसताच गरगरत असतो, कधी मध्येच थिजलेला. इंजिनाची घरघर थांबल्यावर वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागतो, आणि तो आवाज काही धीर देणारा नसतो.

अशा वेळी नजर जिथे रेघ सरळ आहे तिथे जाते. वरून शेतं म्हणजे ठिगळांची गोधडी. कुठलं नांगरलेलं, कुठल्यात पाणी साचलेलं, कुठल्या बांधाखाली चर आहे, काही कळत नाही. पीक गुडघ्याएवढं आहे की डोक्याएवढं हेही शेवटच्या काही शे फुटांपर्यंत उमगत नाही. रस्त्याचं तसं नाही. रस्ता घट्ट आहे, सपाट आहे, लांब आहे, आणि मुख्य म्हणजे ओळखीचा आहे. त्याच सकाळी तो माणूस तशाच एखाद्या रस्त्यावरून गाडी हाकत विमानतळावर आलेला असतो. शिवाय रस्त्यावर उतरलं की मदत हाकेच्या अंतरावर. रानात उतरून पाय मोडला तर कोण कधी पोचणार?

आणि कित्येकदा हे जमतं. ३ जुलै २०२२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या स्वेन काउंटीत, डोंगरांच्या बेचक्यातल्या रस्त्यावर एका नवख्या वैमानिकाने एका इंजिनाचं विमान उतरवलं. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले उतार, समोर वळण, मध्ये विजेच्या तारा. विमानात बसवलेल्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं: तो गाड्यांवरून जातो, तारा चुकवतो, टेकतो आणि थांबतो. कुणाला खरचटलंही नाही. त्या दरीत दुसरी जागा कुठली होती, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. झाडांच्या शेंड्यांवर विमान बसवता येतं, तसं शिकवलंही जातं, पण त्या उतारावर ‘झाडांत जा’ म्हणण्याची माझी तयारी नाही. तेव्हा ‘हायवेवर उतरणं गुन्हा ठरवा’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

त्याच जातीचा दुसरा प्रसंग मात्र मला खटकतो. २ डिसेंबर २०२० च्या रात्री मिनेसोटात आर्डन हिल्सजवळ एक बेलांका व्हायकिंग विमान इंटरस्टेट ३५ डब्ल्यूवर उतरलं. वाहतूक खात्याच्या कॅमेऱ्याने ते टिपलंय. गाड्यांच्या मधल्या फटीत विमान अलगद शिरतं, टेकतं, आणि पुढच्या गाडीला मागून धडकतं. कुणी जखमी झालं नाही. जगभर त्या चित्रफितीचं कौतुक झालं, आणि उतरवण्याचं कसब खरोखर वाखाणण्यासारखं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण ती फीत पुन्हा पाहा, या वेळी पुढची गाडी चालवणाऱ्याच्या जागी बसून. तो रस्त्यावर आहे, आपल्या रांगेत आहे, त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याच्या आरशात काय दिसलं असेल?

आरशाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे, कारण वैमानिक मंडळींच्या चर्चेत तो क्वचित येतो. गाडी चालवणारा तीन आरशांत बघतो, समोर बघतो, हायवेच्या फलकांकडे बघतो. वर कुणी बघत नाही. मोटारीचं छप्पर वर बघू देतच नाही. आणि विमान येतं ते मुकं. इंजिन चालू असतं तर निदान आवाजाने मान वळली असती, पण इंजिन बंद आहे म्हणूनच तर हा सगळा प्रसंग. एक टनाची वस्तू मागून, वरून, आवाज न करता येते, तीही अशा ठिकाणी जिथे तशी वस्तू येणं माणसाच्या डोक्यातच नसतं.

आता वेगाचा हिशेब. वाहतुकीच्या दिशेने उतरलं तर गाड्यांचा आणि विमानाचा वेग जवळपास सारखा असतो, दोन्ही ताशी शंभरच्या घरात, म्हणून धडक झाली तरी हलकी होते, असं सांगतात. टेकण्याच्या क्षणापुरतं ते खरंही आहे. पण टेकल्यावर विमानाला थांबायचं असतं आणि मागच्या ट्रकला थांबायचं नसतं. विमानाला शेपटीत ब्रेकचा लाल दिवा नसतो. पुढे कुणी उभं असेल, फॉलब्रुकसारखं, तर ‘सारख्या वेगा’चा युक्तिवाद तिथेच संपला. विरुद्ध दिशेने उतरलं तर दोन्ही वेगांची बेरीज होते, त्याबद्दल बोलायलाच नको.

रुंदीचंही तसंच. सेस्ना १७२ च्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत अंतर ११ मीटर. अमेरिकेतल्या हायवेची एक मार्गिका सुमारे ३.७ मीटरची. म्हणजे तीन मार्गिका हे एक विमान एकटं अडवतं. ‘दोन गाड्यांच्या मधून’ उतरलं असं आपण म्हणतो तेव्हा पुढच्या आणि मागच्या गाडीच्या मधून असा अर्थ असतो. डावी-उजवीकडच्या गाड्यांचं काय? सेस्नाचे पंख वर असतात, ते एखाद्या बसक्या मोटारीच्या टपावरून निघूनही जातील. पायपर चेरोकीसारख्या छोट्या विमानाचे पंख खाली असतात, साधारण मोटारीच्या दाराच्या उंचीला. दाराआड कोण बसलेलं असतं ते सांगायला नको.

मग तारा. रस्ता आला की तारा आल्याच, रस्त्याच्या कडेने आणि रस्त्यावरून आडव्याही. वरून खाली पाहताना तार दिसत नाही, जमिनीच्या रंगात ती विरघळून जाते. म्हणून शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा. आणि दोन्ही बाजूंना खांब दिसले तर मध्ये तार आहे असंच धरून चाला. खांब दिसेपर्यंत विमान बहुधा इतकं खाली आलेलं असतं की बदल करायला उंची उरलेली नसते. तारांच्या जोडीला दिशादर्शक फलकांच्या कमानी, पूल, दुभाजकाचे कठडे, दिव्यांचे खांब. पुलावर तर बाजूला सटकायलाही जागा नसते. १४ मे २०२२ ला मायामीच्या हॉलोव्हर इन्लेट पुलावर एक सेस्ना १७२ उतरलं आणि समोरच्या गाडीवर आदळलं. त्यात वैमानिकच गेला. रस्ता वैमानिकाला वाचवतो हेही दर वेळी खरं नाही.

युद्धाच्या काळात वापरता यावेत म्हणून हायवेचे काही तुकडे धावपट्टीसारखे बांधून ठेवणारे देश आहेत. शीतयुद्धात जर्मनीने ते केलं, फिनलंड अजून करतं. सिंगापूरचं हवाई दल लिम चू कांग रस्त्यावर लढाऊ विमानं उतरवण्याचा सराव करतं. पण त्या सरावाच्या आधी काय करतात ते पाहण्यासारखं आहे: रस्ता बंद करतात, बसथांबे काढतात, दिव्यांचे खांब आणि फलक उपटतात, रस्ता झाडून घेतात. लढाऊ विमान आणि तयारीचा वैमानिक हाताशी असूनही त्यांना रिकामा रस्ता लागतो. आपल्या बिघडलेल्या चार आसनी विमानाला तो भरलेला चालेल, हे कुठलं गणित?

इथवरचं सगळं तांत्रिक झालं. माझा खरा आक्षेप जोखमीच्या मालकीचा आहे. उडण्याचा निर्णय वैमानिकाने घेतला. इंजिन एकच आहे हे त्याला माहीत होतं, टाकीत डोकावून त्याने इंधन पाहिलं होतं किंवा पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर बसलेल्यांनीही पायरीवर पाय ठेवताना काहीतरी पत्करलं होतं. मोटारीतल्या माणसाने त्यातलं काहीच पत्करलेलं नाही. यावर एक उत्तर येतं ते असं: रस्त्यावर आलात म्हणजे धोका आलाच, ट्रकचा टायर फुटतो, समोरचा डुलकी घेतो, ते सगळं तुम्ही पत्करताच ना? पत्करतो. पण ट्रकवाल्याचा जो धोका मला आहे तसाच माझा त्यालाही आहे. माझी डुलकी त्याला भोवू शकते. रस्त्यावरचा धोका असा देवाणघेवाणीचा असतो. विमानाचा तसा नाही. मी गाडी कितीही वाईट चालवली तरी दोन हजार फुटांवरच्या माणसाला माझ्याकडून काडीचा धोका नव्हता.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. विमानात चार जण, त्यात दोन मुलं. शेत खडकाळ, मरण जवळपास नक्की. रस्त्यावर धडक होण्याची शक्यता, समजा, दहात एक. अशा वेळी रस्ता का नको? कागदावर याला उत्तर देणं कठीण आहे. पण हे ‘दहात एक’ आणलं कुठून? दीड मिनिटात, घाबरलेल्या डोक्याने, स्वतःच्या बाजूला झुकलेल्या अंदाजाने. शेताचा धोका फुगवला जातो, रस्त्याचा आकसतो. आणि एक फरक असा आहे की तो आकड्यांत मावत नाही. शेतात उतरताना निकाल बराचसा वैमानिकाच्या हातात असतो: वेग किती ठेवला, वाऱ्याच्या तोंडी उतरला का, सरीच्या आडवा गेला की सरीला धरून. रस्त्यावर उतरताना निकाल अनोळखी चालकांच्या हातात जातो. कोण ब्रेक मारेल, कोण घाबरून रांग बदलेल, कोण काहीच करणार नाही. आपल्या संकटाचा शेवट दुसऱ्याच्या प्रतिक्रियेवर सोपवायचा, आणि त्याला त्याची कल्पनाही द्यायची नाही.

शेत म्हणजे मरण हा समज मुळातच तपासायला हवा. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या उड्डाण-पुस्तिकेत याचा हिशेब दिलाय. छोट्या विमानाच्या रचनेत पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या नऊपट धक्क्यापर्यंत आतल्या माणसांना वाचवण्याची तरतूद धरलेली असते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून एकसारखा जोर लागून थांबायचं असेल तर एवढ्या धक्क्याला सुमारे तीन मीटर पुरतात. फक्त तीन मीटर! वेग दुप्पट केला तर मात्र साडेअकरा मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की आवरायची ऊर्जा चौपट होते. समोरून ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वारा घेतला तर सेस्नाला जमिनीवर साठच्या आसपास वेगाने टेकता येतं. मग चाकं तुटतात, पंख झुडपांत अडकून फाटतात, पोट घासतं, कधी विमान उलटंही होतं. पण हे सगळं तुटताना वेग खात असतं आणि माणसांची खोली शाबूत राहते. पुस्तिका हेच सांगते: पंख आणि चाकं खर्च करा, माणसं वाचवा. रस्त्यावर असं खर्च करायला काही नसतं. डांबर वेग खात नाही. तो खायला समोरची मोटार येते.

त्याच पुस्तिकेत घाबरलेल्या वैमानिकाच्या मनाचे जे सापळे सांगितलेत त्यांतला एक मला फार महत्त्वाचा वाटतो: विमान वाचवण्याची इच्छा. ज्याने हप्ते भरून विमान घेतलंय, रविवारी स्वतः पुसलंय, त्याला ते शेतात मोडायला लावणं म्हणजे काय ते मला कळतं. रस्त्यावर उतरलेलं विमान पुष्कळदा जसंच्या तसं राहतं, शेतातलं भंगारात जातं. म्हणून तर वैमानिकांमध्ये एक म्हण आहे की इंजिन बंद पडलं त्या क्षणी विमान विमा कंपनीचं झालं. म्हण चांगली आहे. पण म्हणीने सवय मोडत नाही, सरावाने मोडते. प्रशिक्षक अचानक इंजिन मंद करून ‘आता कुठे?’ विचारतो तेव्हा विद्यार्थ्याचं बोट रस्त्याकडे गेलं आणि प्रशिक्षक ‘ठीक’ म्हणाला, की ती सवय पक्की झालीच म्हणून समजा.

रस्त्याला पर्याय म्हणून समुद्रकिनारा सुचवतात. ओली, घट्ट, लांबलचक वाळू. तिथे काय झालं? १५ मार्च २०१० ला साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर एका लॅन्सेअरचा समोरचा पंखाच गळून पडला, समोरची काच तेलाने माखली, आणि कानात गाणी लावून किनाऱ्यावर धावत असलेला एक माणूस मागून आलेल्या त्या विमानाखाली गेला. विमान बंद, म्हणून आवाज नाही. काच तेलकट, म्हणून वैमानिकाला दिसलं नाही. २७ जुलै २०१४ ला फ्लोरिडातल्या व्हेनिस इथे एक पायपर चेरोकी किनाऱ्यावर उतरलं. वाळूवर असलेले वडील आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी दगावली. २ ऑगस्ट २०१७ ला पोर्तुगालच्या कोस्टा दा कापारिका इथे, भर उन्हाळ्यात गजबजलेल्या किनाऱ्यावर एक सेस्ना १५२ उतरलं. आठ वर्षांची एक मुलगी आणि एक पुरुष गेले. व्हेनिस आणि कापारिका, दोन्ही ठिकाणी विमानातली माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आली. हिल्टन हेडलाही आतल्यांना काही झालं नाही.

या तिन्ही ठिकाणी बाजूला पाणी होतं. काच तेलाने माखलेली असताना कुठे टेकतोय हे न दिसणाऱ्या माणसाला मी फार बोल लावणार नाही. पण बाकीच्या दोघांबद्दल मी पुष्कळदा विचार केलाय. चाकं बाहेर असलेलं विमान पाण्यात टेकलं की नाकावर उलटू शकतं, आत पाणी शिरतं, पट्टा सोडून बाहेर पडावं लागतं. हे भयंकर आहे. तरी किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात, धडधाकट माणसांना त्यातून निभावून जाण्याची चांगली संधी असते. वाळूवरच्या त्या दोन मुलींना तशी काही संधी नव्हती.

आता त्या आधीच्या अर्ध्या तासाकडे. इंजिन बंद पडलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुटलेला दट्ट्या येतो. प्रत्यक्षात पुष्कळदा इंजिन धडधाकट असतं आणि टाकी कोरडी असते, किंवा एक टाकी कोरडी आणि दुसरी भरलेली असून खटका फिरवायचा राहिलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ च्या एका इशाऱ्यात म्हटलं होतं की इंधनाच्या हिशेबातल्या चुकीमुळे छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त अपघात होतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रसंगांत विमानातलं इंधन खरोखरच संपलेलं होतं. तिथल्या नियमाप्रमाणे दिवसा अर्ध्या तासाचं आणि रात्री पाऊण तासाचं इंधन राखीव ठेवून निघायचं असतं. मोटारीत पेट्रोल संपून हायवेवर अडकलेल्याला आपण वेडा म्हणतो. विमानातलं इंधन संपून हायवेवर उतरलेल्याचा दुसऱ्या दिवशी सत्कार होतो, आणि टाकीत किती होतं हा प्रश्न काही महिन्यांनी, चौकशी अहवालाच्या कुठल्यातरी पानावर येतो. तोवर कुणाला त्यात रस उरलेला नसतो. मला या टाळ्यांचा राग येतो, हे कबूल करतो.

कायद्याने काय करावं? संकटात अंतिम अधिकार वैमानिकाचा, आणि त्या वेळी गरजेपुरता कुठलाही नियम तो बाजूला ठेवू शकतो, हे तत्त्व जगभर मान्य आहे आणि ते तसंच राहावं. त्या दीड मिनिटात खटल्याची भीती घालून काही साधणार नाही. उलट एखादा ती भीती टाळायला वेळ घालवेल. पण अमेरिकेच्याच उड्डाण-नियमांत आणखी एक कलम आहे: इंजिन बंद पडलं तर जमिनीवरच्या माणसांना आणि मालमत्तेला विनाकारण धोका न पोचवता उतरता येईल इतकी उंची कायम ठेवावी. म्हणजे खालच्या माणसाचा विचार कायद्याने आधीच केलेला आहे, फक्त तो उडतानाचा नियम आहे, पडतानाचा नव्हे. तो तिथेच कडक करावा असं मला वाटतं. दाट वस्तीवर हजार फुटांची किमान उंची म्हणजे दीड मिनिट आणि पावणेतीन किलोमीटर, हा हिशेब वर येऊन गेलाच. तेवढ्या पल्ल्यात हायवेशिवाय काहीच मोकळं नसेल तर हायवे निवडण्याचा निर्णय इंजिन बंद पडण्याआधीच, मार्ग आखताना झालेला असतो. चौकशी करणाऱ्यांनी ‘रस्त्यावर का उतरलात’ याच्याबरोबर ‘रस्त्याखेरीज काही उरणार नाही अशा ठिकाणी, एवढ्या खाली का होतात’ हेही विचारावं. आणखी दोन हजार फूट वर राहायला फारसा खर्च येत नाही.

सबंध विमानाला पॅराशूट लावायची सोय आता काही जातींत आहे. सिरस कंपनीच्या एसआर-२० आणि एसआर-२२ या विमानांत ती पहिल्यापासून येते. दोरी ओढली की विमान छत्रीखाली लटकत खाली येतं. ते रस्त्यावरही येऊ शकतं, हे खरं. पण ताशी शंभरने मागून येत नाही, एवढा फरक माझ्यासारख्याला पुरेसा आहे.

रात्रीपुढे मात्र माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. रात्री शेत दिसतच नाही. खाली काळा डाग असतो. त्यात तळं असेल, खडक असेल, मऊ गवत असेल. वैमानिकांचा एक जुना विनोद आहे: रात्री इंजिन गेलं तर काळोखाकडे वळा, जमीन जवळ आली की उतरण्याचा दिवा लावा, आणि समोर जे दिसतं ते आवडलं नाही तर दिवा बंद करा. अशा रात्री कुणी उजेडाच्या पट्ट्याकडे वळला तर त्याला शेताचे धडे मी देणार नाही. निदान रात्री एक गोष्ट दिवसापेक्षा स्पष्ट दिसते. गाड्यांचे दिवे. फटी कुठे आहेत, कुठली बाजू रिकामी आहे, कुठल्या बाजूला लाल दिवे लांब लांब आहेत आणि कुठल्या बाजूने पांढरे अंगावर येताहेत, हे वरून मोजता येतं. लाल दिव्यांच्या बाजूला, सर्वांत मोठ्या फटीत, मागच्या गाडीपासून जमेल तेवढं लांब. तारा तेव्हाही दिसत नाहीत.